माहिती देणार : बहीण

३ मार्च

दादा,

'तीर्थरूप' लिहायचं की नुसतं 'दादा', यातच चहा निवला. शेवटी नुसतं दादा लिहिलं. चोवीस वर्षांनी पहिलं पत्र लिहितेय आणि तेही कुरियरने, कारण फोन तू उचलत नाहीस. घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपवर पाठवतेय. तिथे चार माणसांदेखत तू ते फाडणार नाहीस, एवढी तुझी ओळख मला अजून आहे.

मावशीने परवा सगळं सांगितलं. तुझ्या लेकीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आईकडे बघून म्हणते, ही माझी आई नाही, आईचे कपडे घालून आलेली बाई आहे. तोंडात काही नसताना जबडा चावल्यासारखा हलतो, बोटं हवेत काहीतरी गुंडाळत राहतात. हॉस्पिटलने तिला मानसिक रुग्णांच्या विभागात हलवलं आणि तू सही केलीस. पाठीतलं पाणी काढून तपासायचं का, असं एका डॉक्टरने विचारलं, तर तू नको म्हणालास. मावशीला म्हणालास, "पोरीला उगाच भोसकू नका. टकळीचं झालं तेच हिचं झालंय. आपल्या रक्तातच वेड आहे."

दादा, आपल्या धाकट्या बहिणीचं, टकळीचं झालं तेच हिचं झालंय असं मलाही वाटतं. म्हणून तर लिहितेय. फक्त ते वेड नव्हतं.

नेहमीसारखी मास्तरीण होऊन सांगते, राग मानू नकोस. मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात आहे. तळघरात जुन्या फाइली आणि वर एक खिडकी, त्या खिडकीत मी. गेल्या वर्षी आमच्याकडे एक संशोधन आलं. एका आजाराचे रुग्ण जुन्या फाइलींतून शोधायचे आणि कोणत्या समाजात किती निघाले ते मोजायचं. संशोधनाच्या डॉक्टर बाई तुझ्या लेकीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील, पण बोलायला लागल्या की आपणच लहान वाटतो. त्यांनी आम्हा कारकुनांना समजावलं की यात मेंदूला सूज येते, पण जंतूमुळे नाही. शरीराचे जे राखणदार असतात तेच चुकतात आणि घरच्याच माणसांवर धावून जातात. आधी ताप, डोकेदुखी, कधी एखादी फिट. मग भलतंसलतं बोलणं, माणसं न ओळखणं, शेवटी गप्प होणं. बहुतेक तरुण मुली. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत सापडतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर बऱ्याच जणी उठून घरी जातात. नाही मिळालं तर वेडी म्हणून जातात.

मग त्यांनी एका मुलीचं चित्रीकरण दाखवलं, फाइलीत काय शोधायचं ते कळावं म्हणून. खाटेवर पडलेली मुलगी, बोटं हवेत गुंडाळतायत. मी उठून बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं मला चक्कर आली.

आता मोजणीचं ऐक, कारण तुझ्या हॉस्पिटलचे डॉक्टर त्यावरच चाललेत. आमच्या पहिल्या तक्त्यात आपल्या लोकांच्या नावापुढे बारा वर्षांत दोन रुग्ण होते. दोन. म्हणून सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं गेलं होतं की या समाजात हा आजार क्वचित दिसतो. आणि 'इतर' या रकान्यात त्रेचाळीस. त्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण 'इतर' म्हणजे सरमिसळ, त्यातून काय निष्कर्ष काढणार? डॉक्टर बाई पेन चावत म्हणाल्या, हे इतर आहेत तरी कोण?

मला एका नजरेत कळलं. बाबा आठवतात ना? शाळेचा फॉर्म असो की रेशनचा, समाजाच्या रकान्यात बोट ठेवून म्हणायचे, 'इतर' लिहा, इतर म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. मला वाटायचं ही आपल्या बाबांचीच हुशारी. दादा, आपल्यात घरोघरी तोच बाबा होता. मी त्रेचाळीस फाइली मांडीवर घेऊन बसले. आडनावं, गावं, वडिलांचे धंदे. एकतीस आपल्या निघाल्या. डॉक्टर बाईंनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, "मीही इतरच आहे."

हिशेब पुन्हा मांडला तर आपल्यात प्रमाण बाकीच्या समाजांच्या चौपट निघालं. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. रक्तात काही असेल, नसेल. पण घराण्याचा शाप वगैरे मुळीच नाही, एका घरात दोघींना होणं तर जवळजवळ ऐकिवातच नाही, असं त्या म्हणाल्या. नवा तक्ता अजून सगळीकडे पोचायचाय. तोपर्यंत आपल्या मुली त्या दुसऱ्या विभागात जातायत, आणि त्यांचे बाप आपल्याच हाताने 'इतर' लिहून त्यांना पाठवतायत.

डॉक्टर बाईंनी तुझ्या हॉस्पिटलला फोन केला होता. ते म्हणतात, बापाची सही हवी. तेवढी कर. मला माफ करू नकोस, भेटू नकोस, पण सही कर.

.

८ मार्च

दादा,

मावशी म्हणाली तू पत्र वाचलंस आणि घडी करून खिशात घातलंस. मग चार वाक्यं बोललास, ती तिने मला जशीच्या तशी सांगितली. "तिला म्हणावं, स्वतःचं पत्र पुन्हा वाच. त्या आजारात आधी ताप येतो, फिट येते. टकळीला दोन्ही नव्हतं, डॉक्टरांनी बाबांसमोर विचारलं होतं. म्हणजे टकळीचं वेड होतं, आणि पोरीचं तेच आहे."

मावशी म्हणाली, लेकीला महिन्यापूर्वी ताप आला होता, पण तो साधाच होता असं तू म्हणतोस. आणि तिथल्या डॉक्टरांनाही तू हेच सांगितलंस की घरात एक आत्या अशीच वेडी होऊन गेली, तपासण्या सगळ्या नीट होत्या. ते तिच्या फाइलीत लिहिलं गेलंय.

बरोबर आहे तुझं. तुझं गणित पहिल्यापासून चांगलं. पण त्या वेळी डॉक्टरांनी घाईत विचारलं असेल. टकळी होती तो विभागही कसला होता, तुला माहीत आहे, पंचवीस खाटांना एक डॉक्टर. लिहिताना चूक होऊ शकते. ताप कधीकधी एवढा बारीक असतो की कळत नाही. मी सगळ्या शक्यता सांगतेय. जुन्या कागदांवर किती विसंबायचं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

बसची वेळ झाली. उरलेलं संध्याकाळी लिहिते.

.

९ मार्च

दादा,

काल संध्याकाळी काही लिहिलं नाही. कालचं पानही फाडणार होते, पण तेही पाठवते. माणूस कसा निसटत जातो ते तुला दिसू दे.

ताप होता. चार दिवस होता. फिटही आली होती.

तू टकळीला थप्पड मारलीस, त्याच्या आठ दिवस आधी, सकाळी. तू कामावर गेला होतास, बाबा बाहेर होते. न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज झाला. मी ओरडले, काय गं, सगळं पाणी सांडलंस की काय? उत्तर आलं नाही, आणि टकळीकडून उत्तर न येणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. दार ढकललं तर ती ओल्या फरशीवर ताठ होऊन झटके देत होती. डोळे वर गेलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोन मिनिटं असतील. मग ती शांत झाली आणि मला म्हणाली, गाडी गेली का?

माझं लग्न तीन आठवड्यांवर होतं. फिट येणारी बहीण घरात आहे हे कळलं तर काय होतं, ते आपल्या चुलत बहिणीचं आपण पाहिलं होतं. मी तिचे केस पुसले, कपडे बदलले आणि सांगितलं, "कुणाला बोलू नकोस हं. माझं लग्न होऊन जाऊ दे." जिच्या तोंडाची टकळी झोपेतसुद्धा थांबत नव्हती, जी बसस्टँडवर दिवसभर माइकसमोर बोलून घरी येऊन पुन्हा आपल्याशी बोलायची, तिने आयुष्यात तेवढी एक गोष्ट पोटात ठेवली.

मग स्टँडवर ती नसलेल्या गाड्या पुकारायला लागली. फलाट क्रमांक चारवर कुठल्यातरी कधीच नसलेल्या गावाची गाडी. लोक सामान घेऊन धावले. साहेबांनी तिला घरी पाठवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलं होतं. पुढचं तुझ्यासमोरच झालं. ती दारात उभी राहून शेजारपाजाऱ्यांना सांगायला लागली की हा माझा दादा नाही, दादाचा शर्ट घालून आलेला कुणीतरी आहे, पोलिसांना बोलवा. तू तिला आत ओढलंस. ती चावली. तू थप्पड मारलीस. त्याच दुपारपासून ती बोलायची कमी झाली, आणि बाबा म्हणाले, "तुझ्या एका थपडेनं माझ्या पोरीचं डोकं फिरलं."

मी तुझ्या मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पुढे आले नाही, तुला वाटलं मी तुझी बाजू घ्यायला घाबरतेय. मी तशी घाबरत नव्हते. बाबांनी तिच्या वेडाला तुझ्या थपडेचं कारण दिलं होतं, आणि ते कारण मला सोयीचं होतं.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो. डॉक्टर घाईत नव्हते. लिहिताना त्यांची चूकही झाली नाही. त्यांनी दोनदा विचारलं.

संशोधनासाठी त्या बारा वर्षांआधीच्या संशयितांच्याही फाइली काढल्या, त्यांत तिची निघाली; ती आमच्याच हॉस्पिटलात होती ना. तळघरातून मीच काढली. चार महिन्यांची फाइल, करंगळीएवढीही जाड नाही. समाज : इतर. ताप : नाही. फिट : नाही. माहिती देणार : बहीण.

फक्त बहीण. नाव लिहायलाही जागा नव्हती. तेव्हापासून टकळी माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसते. भरदुपारी, खिडकीसमोर रांग असताना. काही बोलत नाही. बोटं गुंडाळत असतात. मी तिच्याकडे बघत नाही आणि शिक्के मारत राहते. तुला हे वाचून मलाही तपासायला हवं असं वाटेल, तर वाटू दे.

अजून एक सांगायचंय, कारण ते सगळ्यांत वाईट आहे. ज्या लग्नासाठी मी हे केलं ते लग्न चांगलं झालं. नवरा प्रेमळ निघाला. तो छळणारा निघाला असता तर माझा हिशेब तरी कुठेतरी फिटला असता. काल यांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मला तेव्हा सांगितलं असतंस तरी मी लग्न केलं असतं."

बाबा तुला दोष देत गेले. स्वतःच्या तिरडीलाही तुला खांदा देऊ दिला नाही. मी त्या वेळी बाबांच्या पायाशी बसले होते आणि तोंड उघडलं नाही.

हे पत्र तिथल्या डॉक्टरांना दाखव. अख्खं दाखव, लाज माझी आहे. त्यांच्या फाइलीत जे 'वेडी आत्या' लिहिलंय ते माझं खोटं आहे, चोवीस वर्षं चालत तुझ्या लेकीपर्यंत पोचलंय. ते खोड. 'इतर' लिहिलं असशील तेही खोड. आणि सही कर, दादा, आजच कर.

.

१४ मार्च

दादा,

सही झाली, पाणी काढलं, असं मावशी म्हणाली. रिपोर्ट यायला दिवस लागतील, पण डॉक्टर थांबले नाहीत, औषधाची सलाईन सुरू केली. तू पत्र दाखवलंस का, ते तिला ठाऊक नाही. एवढंच म्हणाली की तू जिन्यात बसून ते वाचलंस आणि दोन माणसं तुला ओलांडून गेली तरी उठला नाहीस.

आता मागण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून राहिलेलं सांगून टाकते. हे कुणी विचारलेलं नाही, आणि मी लपवलंय हेही कुणाला माहीत नाही.

टकळी त्या विभागात होती तेव्हा बाबांनी पहारेकऱ्याला सांगून तुला बंदी केली होती. तू तरी रोज दुपारी फाटकाशी उभा असायचास. पाचव्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले. दहा-बारा दिवस तिने शब्द काढला नव्हता. मी तिचं तोंड पुसत होते, आणि ती एकदम बोलली. तिचा स्टँडवरचा आवाज, तुला आठवतो ना, घरच्या आवाजाहून वेगळा, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. निळा शर्ट घातलेले, लिफ्टचे काम करणारे दादा जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावे. त्यांची धाकटी बहीण त्यांची वाट पाहत आहे."

तीनदा म्हणाली. हरवलेल्या माणसाची घोषणा तीनदा करायची, असा स्टँडचा नियम होता. मग गप्प झाली ती कायमची.

मी बाहेर आले. तू फाटकाशी होतास, त्या दिवशी खरंच निळ्या शर्टात होतास. तू विचारलंस, कशी आहे? मी म्हटलं, झोपलीय.

का म्हटलं, ते मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. तू भांडून आत गेला असतास, तिने तुला ओळखलं असतं, मग थपडेची गोष्ट टिकली नसती आणि बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं असतं. तोवर माझं लग्न होऊन महिना झाला होता. तरीही.

तिने तुला बोलावलं होतं, दादा. ती तुझ्यावर रागावून गेली नाही. ती तुझी वाट बघत गेली, आणि मी मध्ये उभी होते.

मी बसस्टँडवरून जात नाही. दोन थांबे आधी उतरून चालत ऑफिसला येते. सगळ्यांना वाटतं तब्येतीसाठी.

.

२७ ऑगस्ट

दादा,

मार्चनंतर तुझ्याकडून काही नाही, मावशीकडूनही फक्त 'बरं चाललंय'. मी खोदून विचारलं नाही. विचारायचा हक्क मी घालवलेला आहे, हे मला कुणी सांगायला नको.

आज सकाळी टपाल फोडलं. आता सगळ्या हॉस्पिटलांकडून या आजाराचे फॉर्म आमच्याकडे येतात आणि मी ते नोंदवते. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. स्त्री, वय एकोणीस. नातेवाइकांनी भरायचा भाग हाताने भरलेला होता. पान्याने बोल्ट आवळावा तसं दाबून लिहिलेलं अक्षर, मागच्या बाजूने हाताला लागतं. मी वाचायच्या आधी हात फिरवला, मग खुर्चीत नीट बसले.

तपासणी : आजार निश्चित. उपचार : दोन टप्पे, नंतर रक्त गाळण्याची प्रक्रिया. अकरा आठवडे. सध्याची प्रकृती : चालते. थोडं वाचते. आईला ओळखते.

ही ओळ मी बोट ठेवून वाचली. आईला ओळखते.

समाजाच्या रकान्यात आधी 'इतर' लिहिलेलं होतं. त्यावर एक आडवी रेघ, आणि पुढे आपल्या लोकांचं नाव, ठळक. बाबांनी ते बघितलं असतं तर घाम फुटला असता. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

खाली विचारलेलं असतं, कुटुंबात पूर्वी कुणाला? तिथे दोन ओळींची जागा असते. तू समासात गेलास. 'वडिलांची धाकटी बहीण. बसस्टँडवर घोषणा करायची. ताप होता, फिट आली होती. वेड नव्हते.'

आणि त्याच्या खाली, माहिती देणार : आत्या.

दादा, ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि मी एकोणीस वर्षांत एकदाही कुणाची आत्या नव्हते. तू दुसरं काही लिहू शकला असतास. 'नातेवाईक' लिहिलं असतं तरी चाललं असतं. रकाना रिकामा ठेवला असतास तरी मी नोंदवलाच असता. बरेच जण ठेवतात.

मी डॉक्टर बाईंकडे जाऊन विचारलं, माझी बहीण आता मोजणीत धरता येईल का? त्यांनी तिची फाइल उघडून पुन्हा वाचली आणि नाही म्हणाल्या. तिचं पाणी कुणी काढलंच नव्हतं, त्यामुळे ती संशयितांतच राहणार. नियम बरोबर आहे. मीच असते तर हेच सांगितलं असतं. म्हणून तिची फाइल मी तळघरात परत ठेवली नाही. माझ्या खणात आहे. तिच्या शेवटच्या कागदावर मी तारीख घालून लिहिलंय, पूर्वीची माहिती खोटी, आणि खाली माझं पूर्ण नाव.

नाव लिहिल्यामुळे ती खुर्चीतून उठून जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. आजही समोर बसलीय. फक्त आज माझ्याकडे बघत नाही, रांगेकडे बघतेय, येणाऱ्या प्रत्येक माणसाचा शर्ट बघतेय.

आमची खिडकी दहा ते पाच उघडी असते. मुख्य दारातून डावीकडे, वर 'चौकशी' लिहिलंय. जेवणाच्या सुट्टीतही मी उठत नाही.

तुझी,
मास्तरीण